डोर्टचा निवाडा

1602 च्या सुमारास ॲम्स्टरडॅम शहरात प्लेगची साथ पसरली. ज्यांना जमले ते शहर सोडून गेले. रिफॉर्म्ड मंडळीचे पाळक याकोबस आर्मिनियस मागे राहिले आणि घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या उशाशी बसू लागले. त्या दिवसांत त्यांना दोन माणसे भेटली, शहराच्या एका भागात एक पुरुष आणि दुसऱ्या भागात एक स्त्री. दोघेही मंडळीतले, शास्त्र जाणणारे, आणि दोघांचीही भीती मरणाहून वेगळी. ख्रिस्तावर आपला विश्वास आहे, हे दोघेही नाकारत नव्हते. पण आपले तारण झालेच आहे अशी ठाम खात्री त्यांना आतून वाटत नव्हती. खात्री वाटत नाही म्हणजे विश्वासच खरा नाही, असे त्यांनी धरले होते. त्या काळच्या शिकवणीत यापुढची पायरी उघड होती. ज्याचा विश्वास खरा नाही, त्याला देवाने निवडलेलेच नाही.

आर्मिनियस यांनी त्यांना समजावले की विश्वास वेगळा आणि खात्री वेगळी. विश्वास आधी येतो, खात्री त्याच्या मागून. दोघांनाही त्यामुळे धीर आला. ही हकीकत आर्मिनियस यांनी आपले मित्र योहानेस उइटेनबोगार्ट यांना पत्राने कळवली. पुढे सतरा वर्षांत या वादापायी मंडळ्या फुटल्या, सुमारे दोनशे पाळकांचे काम गेले, आणि हॉलंडच्या सर्वांत वडीलधाऱ्या मुत्सद्द्याचे शिर धडावेगळे झाले. त्या रक्तरंजित शेवटाकडे पाहताना ही दोन आजारी माणसे विसरून चालणार नाही, कारण वादाचे मूळ त्यांच्या उशाशी आहे.

प्रश्न जुनाच होता. तारण देवाच्या कृपेने होते, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. मग एकाच उपदेशाला बसलेल्या दोन माणसांपैकी एक विश्वास ठेवतो आणि दुसरा पाठ फिरवतो, हे कशामुळे? पाचव्या शतकात ऑगस्टीनने उत्तर दिले की विश्वास हेही देवाचेच दान आहे आणि ते तो आपल्या इच्छेप्रमाणे देतो. जिनिव्हात कॅल्व्हिनने हाच धागा पुढे नेला. त्याचा वारसदार थिओडोर बेझा याने तर 1555 मध्ये देवाच्या संकल्पांचा तक्ताच काढला. वर देवाचा अनादि संकल्प, खाली डाव्या-उजव्या बाजूंना निवडलेल्यांचा आणि टाकलेल्यांचा मार्ग, आणि दोन्हींच्या शेवटी देवाचे गौरव. या मांडणीत निवड जगाच्या उत्पत्तीच्याही आधीची ठरते. आदामाचे पतन मागाहूनचे, आणि तेही त्याच संकल्पातले.

आर्मिनियस बेझाच्या हाताखालीच शिकले होते. त्यांचा जन्म आउडेवाटरचा. वडील लहानपणीच वारले. 1575 च्या ऑगस्टमध्ये स्पॅनिश फौजेने ते गाव घेऊन कत्तल केली. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा याकोबस जर्मनीत मारबुर्गला शिकत होता. बातमी कळताच तो गावी परतला, तर आई आणि भावंडे मारली गेली होती. पुढे लायडेनच्या नव्या विद्यापीठात आणि मग ॲम्स्टरडॅमच्या व्यापारी मंडळींच्या मदतीने जिनिव्हात त्याचे शिक्षण झाले. 1588 मध्ये तो ॲम्स्टरडॅममध्ये पाळक झाला. पूर्वनिवडीच्या शिकवणीवर हल्ला करणाऱ्यांना उत्तर लिहायचे काम त्याच्याकडे आले, ते लिहिता लिहिता त्याचेच मत पालटले, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. मला ती फारशी पटत नाही. बेझाची मांडणी त्याने कधी मनापासून स्वीकारली होती, असे दाखवणारे काही हाती लागत नाही. रोमकरांस पत्राच्या सातव्या आणि नवव्या अध्यायांवर त्याने ॲम्स्टरडॅममध्ये जे उपदेश दिले, त्यांत त्याची स्वतंत्र वाट लवकरच दिसू लागली होती.

ती वाट थोडक्यात अशी. देवाचा पहिला संकल्प अमुक माणूस आणि तमुक माणूस असा नसून ख्रिस्त हा आहे. त्याला तारणारा नेमणे, हीच पहिली निवड. दुसरा संकल्प असा, की जे पश्चात्ताप करून त्याच्यावर विश्वास ठेवतील त्यांना स्वीकारायचे. तिसरा, विश्वासासाठी लागणारी साधने पुरवायची. आणि चौथा, कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच ठाऊक असल्याने त्या त्या व्यक्तींची निवड. म्हणजे व्यक्तीच्या निवडीत विश्वास आधी धरलेला आहे. माणूस स्वबळावर विश्वास ठेवू शकतो, असे आर्मिनियस म्हणत नव्हते. कृपेवाचून काहीच होत नाही, हे ते ठासून सांगत. मात्र कृपा नाकारता येते, यावर ते ठाम होते. त्यांना छळणारी शंका एकच होती. देवाने पतनही ठरवले आणि टाकलेलेही ठरवले, तर पापाचा कर्ता देवच ठरत नाही काय?

1603 मध्ये ते लायडेनला प्राध्यापक झाले. तिथे 1594 पासून फ्रान्सिस्कस गोमारस शिकवत होते. त्यांना या गोष्टीत खलनायक करण्याची प्रथा पडली आहे आणि ती अन्यायाची आहे. गोमारस ब्रुजचे. त्यांचे कुटुंब धर्मासाठी घरदार सोडून जर्मनीतल्या पॅलॅटिनेटमध्ये गेले होते. डच मंडळीत अशी निर्वासित माणसे हजारोंनी होती. ज्याचे गाव, दुकान आणि नातेवाईक सुटले, त्याला माझे तारण माझ्या विश्वासाच्या बळावर लटकलेले नाही, ते जगाच्या आधीपासून देवाच्या हाती आहे, ही शिकवण केवढा आधार देत असेल! विश्वास ही निवडीची अट ठरली, तर तारणाचा भार पुन्हा माणसाच्या डळमळत्या मनावर येतो, ही गोमारस यांची भीती खरी होती. आपल्या सहकाऱ्याची मते घेऊन देवाच्या न्यायासनापुढे उभे राहण्याचे धाडस आपल्याला होणार नाही, असे त्यांनी 1608 मध्ये हेगच्या न्यायाधीशांसमोर सांगितले. बोलणे कठोर होते, पण ते मनापासून होते.

त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला आर्मिनियस यांनी हॉलंडच्या प्रांतसभेपुढे आपले सविस्तर निवेदन वाचले. तोवर क्षयाने त्यांना पुरते पोखरले होते. 19 ऑक्टोबर 1609 रोजी ते वारले आणि लायडेनच्या पीटर्सकेर्कमध्ये त्यांना पुरले. दोन विद्वानांपुरता असता तर वाद इथेच संपला असता.

तो संपला नाही, याचे कारण शास्त्रात कमी आणि राजकारणात जास्त आहे. 1609 मध्येच स्पेनबरोबर बारा वर्षांचा तह झाला. तो घडवून आणणारे योहान व्हान ओल्डेनबार्नेव्हेल्ट हे हॉलंड प्रांताचे प्रमुख कारभारी होते. सेनापती मॉरिस ऑफ नासाऊ यांना तह नको होता. स्पेनच्या ताब्यातल्या दक्षिणेतून पळून आलेल्या कट्टर रिफॉर्म्ड निर्वासितांनाही नको होता, कारण तहाने त्यांची घरी परतण्याची आशा मावळली. चाळीसहून अधिक आर्मिनियनपंथी पाळकांनी जानेवारी 1610 मध्ये उइटेनबोगार्ट यांच्या पुढाकाराने पाच कलमांचा अर्ज काढला. यावरूनच त्यांना रेमॉन्स्ट्रंट, म्हणजे अर्जदार, हे नाव पडले. त्यांनी संरक्षण मागितले ते ओल्डेनबार्नेव्हेल्ट यांच्याकडे. मंडळीवर अंतिम अधिकार सरकारचा आणि अशा गहन प्रश्नावर दोन्ही मतांना जागा असावी, असे ओल्डेनबार्नेव्हेल्ट यांचे धोरण होते. 1611 मध्ये विरोधकांनी प्रतिअर्ज दिला आणि राष्ट्रीय धर्मसभेची मागणी लावून धरली. मंडळीचा निर्णय मंडळीने करावा, असे त्यांचे म्हणणे, आणि ते सहज झिडकारण्यासारखे नव्हते.

सहिष्णुतेचे धोरण सक्तीने राबवले गेले, ही या प्रकरणातली मोठी चूक. हेगमध्ये प्रतिअर्जदारांना मनाजोगता पाळक मिळेना, तेव्हा ते रविवारी चिखल तुडवत रायस्वाइक गावी उपदेशाला जाऊ लागले. लोक त्यांना चिखलवाले म्हणून हिणवत. आपल्या चर्चमधून हुसकावले गेल्याची त्यांची भावना तीव्र होती. उलट ॲम्स्टरडॅममध्ये 1617 साली जमावाने एका रेमॉन्स्ट्रंट व्यापाऱ्याचे घर लुटले. ते लायडेनचे तरुण प्राध्यापक सिमोन एपिस्कोपियस यांच्या भावाचे घर होते. ओल्डेनबार्नेव्हेल्ट स्पेनचे पैसे खातात, अशा वावड्या उठल्या. त्यांनी ऑगस्ट 1617 मध्ये शहरांना स्वतःचे शिपाई ठेवण्याची मुभा देणारा ठराव करवून घेतला. मॉरिससाठी तेवढे निमित्त पुरे होते. ते स्वतः धर्मशास्त्री नव्हते. पूर्वनिवड हिरवी असते की निळी हेही मला ठाऊक नाही, असे ते म्हणाल्याचे सांगतात. पण त्या उन्हाळ्यात ते लवाजम्यासह हेगच्या क्लोस्टरकेर्कमध्ये प्रतिअर्जदारांच्या उपासनेला जाऊन बसले आणि आपण कोणत्या बाजूचे ते सगळ्यांना दाखवून दिले. पुढच्या वर्षी त्यांनी ते शिपाई बरखास्त केले. 29 ऑगस्ट 1618 रोजी ओल्डेनबार्नेव्हेल्ट आणि त्यांचे सहकारी, कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस, यांना अटक झाली.

अशा हवेत 13 नोव्हेंबर 1618 रोजी डॉर्ड्रेख्ट शहरात, ज्याला सगळे डोर्ट म्हणतात, धर्मसभा भरली. ती फक्त डचांची नव्हती. इंग्लंड, जिनिव्हा, स्वित्झर्लंडची शहरे, पॅलॅटिनेट, हेसे, ब्रेमेन, एम्डेन इथून पंचवीसेक प्रतिनिधी आले होते. फ्रान्सच्या राजाने आपल्या रिफॉर्म्ड पाळकांना येऊ दिले नाही, म्हणून त्यांची जागा रिकामी ठेवण्यात आली. चर्चा लॅटिनमध्ये चाले. अध्यक्ष होते लेउवार्डनचे पाळक योहानेस बोगरमान.

रेमॉन्स्ट्रंट मंडळींना सभासद म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून बोलावले होते. दालनाच्या मधोमध टेबल मांडून त्यांना तिथे बसवले. 7 डिसेंबरला एपिस्कोपियस यांनी लांबलचक भाषण केले, आणि ते ऐकून विरोधी गटातल्या काहींचेही डोळे पाणावले, अशी आठवण सांगितली जाते. पुढचा महिना कामकाजाच्या पद्धतीवर भांडण्यात गेला. एपिस्कोपियस यांच्या गटाला आधी देवाच्या त्यागाच्या संकल्पावर, म्हणजे टाकलेल्यांच्या प्रश्नावर, चर्चा हवी होती, कारण विरोधकांची बाजू तिथेच कमकुवत होती. सभेला निवडीपासून सुरुवात हवी होती. 14 जानेवारी 1619 रोजी बोगरमान यांचा तोल सुटला. तुम्ही खोटेपणाने आरंभ केलात आणि खोटेपणानेच शेवट करता, असे सुनावून त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवले. सभेचे ध्येय तडजोड नव्हते, हे समजण्यासारखे आहे. तरीही ज्यांचा निवाडा करायचा त्यांना हाकलून त्यांच्या लिखाणावरून तो करणे सभेला शोभणारे नव्हते, आणि परदेशी पाहुण्यांपैकी काहींना तेव्हाही ते खटकले.

पाहुण्यांचे आपसातही पटत नव्हते. ब्रेमेनचे मार्टिनियस यांचे ख्रिस्ताला निवडीचा पाया मानण्यावरून गोमारस यांच्याशी असे जुंपले, की गोमारस यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचेच आव्हान दिले, असे स्कॉटलंडचे प्रतिनिधी बाल्कनक्वॉल यांनी कळवले आहे. इंग्लंडचे डॅव्हनंट आणि वॉर्ड ख्रिस्ताच्या मरणाचा लाभ कोणासाठी यावर इतरांपेक्षा उदार भाषा मागत होते. या रेट्यामुळे अंतिम मसुदा गोमारस यांना हवा होता तेवढा टोकाचा झाला नाही. उत्पत्तीच्या आधीची निवड, हा त्यांचा आवडता क्रम त्यात नाही. तिथे देव आधीच पतित झालेल्या मानवजातीतून निवड करतो.

23 एप्रिलला सर्वांनी सह्या केल्या. निवड आणि विश्वास यांच्या नात्यावर निवाडा स्वच्छ होता. देव विश्वास आधीच पाहून निवडत नाही, तर विश्वासासाठी निवडतो. निवड हे मूळ, विश्वास हे तिचे फळ. तरी निर्णयाचा मजकूर शांतपणे वाचला, तर त्यात ॲम्स्टरडॅमच्या त्या आजाऱ्यांसाठीही जागा सापडते. ज्यांना अजून ठाम खात्री वाटत नाही, पण ज्यांना देवाची ओढ आहे आणि जे त्याने दिलेली साधने वापरतात, त्यांनी आपण टाकलेलो आहोत असे मानून खचू नये, असे तो सांगतो. बाळपणी मेलेल्या लेकरांच्या विश्वासी आईबापांना त्यांच्या निवडीविषयी शंका घेऊ नका, असाही दिलासा त्यात आहे. प्लेगच्या शतकात हे कलम लिहिणाऱ्यांना लहान शवपेट्या चांगल्या ठाऊक होत्या. डोर्टवर बोट ठेवणारे ही कलमे क्वचितच वाचतात.

याच सभेत पूर्वेकडचाही एक प्रश्न आला. ईस्ट इंडीजमधल्या ख्रिस्ती घरांत राहणाऱ्या अन्यधर्मीयांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा का? बहुमत पडले ते असे, की आधी शिकवण, मग बाप्तिस्मा. बायबलचे मूळ भाषांतून नवे डच भाषांतर करण्याचेही इथेच ठरले. ते 1637 मध्ये छापून निघाले.

6 मे 1619 रोजी डोर्टच्या मोठ्या चर्चमध्ये निर्णय जाहीर झाला आणि 9 तारखेला पाहुण्यांना निरोप देण्यात आला. त्यानंतर चारच दिवसांनी, 13 मे रोजी, हेगच्या बिनेनहॉफच्या चौकात एकाहत्तर वर्षांचे ओल्डेनबार्नेव्हेल्ट काठी टेकत वधाच्या मंचावर चढले. खास नेमलेल्या चोवीस न्यायाधीशांनी त्यांना मृत्युदंड दिला होता. आदल्या संध्याकाळी डोर्टच्या सभेतले एक धर्मशास्त्री, अँटोनियस वालेउस, त्यांच्या कोठडीत आले. ज्याच्या नावावर इतके वादळ उठले, त्या माणसाने पूर्वनिवडीविषयी आपले मत सांगितले. तरुणपणी हायडेलबर्गला शिकलेलेच आपण धरून आहोत, असे ते म्हणाले. प्रत्येक ख्रिस्ती माणसाने आपण देवाच्या कृपेने तारणासाठी निवडलेले आहोत असा भरवसा ठेवावा, असे त्यांना वाटे. हे मत डोर्टच्या निर्णयापासून फारसे दूर नव्हते. सकाळी मंचावर त्यांनी जमलेल्या लोकांना आपण देशद्रोही नाही असे सांगितले आणि जल्लादाला लवकर उरकायला सांगितले.

निवडीवरच्या मतासाठी त्यांना मारले, असे म्हणणे चूक ठरेल. त्यांचा वध प्रांतांचे अधिकार आणि सैन्याचा ताबा यांवरून झाला. पण मंडळीच्या निर्णयाची शाई वाळते न वाळते तोच तलवार उचलली गेली, आणि डोर्टच्या पाळकांपैकी कोणी उघडपणे तिला अडवले नाही. या सभेवरचा हा डाग आहे. शास्त्रदृष्ट्या ती बरोबर होती असे मानणाऱ्यानेही तो मान्य करायला हवा.

ग्रोशियस यांना जन्मठेप झाली. लोव्हेस्टाइनच्या किल्ल्यात ते अखंड वाचत असत आणि पुस्तकांच्या पेट्या ये-जा करीत. पहारेकऱ्यांनी त्या तपासणे हळूहळू सोडून दिले. त्यांच्या पत्नी मारिया व्हान रायगर्सबर्ग यांनी हे हेरले. 22 मार्च 1621 रोजी ग्रोशियस स्वतः पेटीत शिरले आणि मोलकरीण एल्श्ये त्या पेटीसोबत नावेतून गोर्कमला गेली. पेटी जड का, आत एखादा आर्मिनियन तर नाही ना, असे कोणी शिपाई म्हणाला आणि मारियाबाईंनी आत आर्मिनियन पुस्तके आहेत असे उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. गोर्कमला ग्रोशियस गवंड्याचा वेश घालून बाहेर पडले आणि अँटवर्पमार्गे पॅरिसला पोहोचले. कैदेतच त्यांनी लांब पल्ल्याच्या डच खलाशांसाठी ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेवर पद्यग्रंथ रचला होता.

काम गमावलेल्या सुमारे दोनशे पाळकांपैकी ज्यांनी प्रचार बंद करण्याच्या हमीवर सही केली नाही, अशा ऐंशीएक जणांना हद्दपार केले. त्यांनी अँटवर्पला आपले भ्रातृमंडळ स्थापले. 1625 मध्ये मॉरिस वारले आणि हवा सैल झाली. एपिस्कोपियस परतले, आणि 1634 मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये रेमॉन्स्ट्रंटांचे स्वतःचे धर्मविद्यालय उघडले. ज्या प्रजासत्ताकाने त्यांना हाकलले, त्याने पंधरा-वीस वर्षांत त्यांना खपवून घेतले. त्या शतकाच्या युरोपात ही लहान गोष्ट नव्हती.

पुढच्या शतकात हीच रेघ इंग्लंडमध्ये उमटली. जॉन वेस्ली आर्मिनियस यांच्या बाजूचे आणि त्यांचे मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड डोर्टच्या बाजूचे. 1739 नंतर दोघांत यावरून उघड मतभेद झाले. वेस्लींनी 1778 मध्ये सुरू केलेल्या मासिकाचे नावच आर्मिनियन मॅगझिन होते. इथे मात्र कोणाच्याही पाठीशी सैन्य नव्हते. 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे वेस्लींनी लंडनमध्ये त्यांच्यासाठी श्रद्धांजलीचा उपदेश दिला.

हे दोन्ही प्रवाह महाराष्ट्रात आले. 1813 मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे न्यू इंग्लंडच्या कॅल्व्हिनपंथी काँग्रिगेशनल परंपरेतले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे अहमदनगर परिसरात मंडळ्या उभ्या केल्या. स्कॉटलंडचे प्रेसबिटेरियन जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईला आले. वेस्लींच्या परंपरेतले मेथडिस्ट 1870 च्या दशकात विल्यम टेलर यांच्या उपदेशांतून मुंबई-पुण्यात रुजले. मराठी मंडळ्यांत आजही पाळक उपदेशात विश्वासाचे आवाहन करतात आणि त्याच उपासनेत निवडीबद्दल देवाचे आभारही मानले जातात.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल वारसा सांगणाऱ्या मंडळ्या, म्हणजे डोर्टच्या बाजूचे वंशज, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतल्या मेथडिस्ट मंडळ्या, म्हणजे आर्मिनियस यांच्या बाजूचे वंशज, त्या दिवशी अँग्लिकन आणि इतरांसोबत एका चर्चमध्ये आल्या. विश्वास आधी की निवड आधी, याचे उत्तर दिले नाही म्हणून कोणाला प्रवेश नाकारला गेला नाही.